सक्तीचा रकाना

"प्रमिलाताई, त्या थंड खोलीत तुम्ही काय बोलता ते आमच्या संचालकांना कळत नाही," देवचंद आबा म्हणाले. "तिथे माना डोलावतात आणि बाहेर येऊन मला विचारतात. मला तरी कुठे कळतं? सगळे शब्द मराठीत लिहा आणि बाहेर फळ्यावर टांगा."

देवचंद आबा म्हणजे आमच्या केळी उत्पादकांच्या सहकारी संस्थेचे चेअरमन. थंड खोली म्हणजे जळगावच्या कचेरीतली ती एकमेव खोली, जिला एसी होता आणि जिच्या दारात चपला काढाव्या लागत. एसी माणसांसाठी नव्हता, कॉम्प्युटरसाठी होता. ब्याण्णव साली तो आला तेव्हा त्याला नारळ फोडला, हार घातला, आणि त्याच्यासोबत मलाही सहा महिन्यांच्या बोलीवर ठेवून घेतलं. पिंप्राळ्याहून लुनावर येणारी, कॉम्प्युटरचा डिप्लोमा केलेली बाई. मशीन कायम आणि मी हंगामी, असा एकूण हिशेब.

तर मी शब्द लिहिले. खरं सांगायचं तर फार आवडीने लिहिले. फाइलला फाइलच ठेवलं, कारण ती सगळ्यांच्या काखेत असायचीच. रेकॉर्ड म्हणजे नोंद. फील्ड म्हणजे रकाना. बॅकअप म्हणजे राखीव प्रत. रिजेक्ट म्हणजे नाकारलेली नोंद. 'मँडेटरी फील्ड'पाशी मी थोडी अडले. 'आवश्यक' लिहिलं तर संचालक म्हणणार, आवश्यक तर सगळंच असतं. मग लिहिलं, 'सक्तीचा रकाना'. म्हणजे जो भरल्याशिवाय मशीन पुढे जाऊच देत नाही तो. चहा पीत फळ्यापुढे उभं राहून लोक वाचायचे आणि हसायचे. "सक्ती करतं म्हणजे आपल्या आबांच्या वरताण निघालं," असं एक संचालक म्हणाले, तेही आबा जवळ नाहीत हे बघून.

आमचं काम काय, तर केळी कापणीचा कार्यक्रम ठरवणं. आठवड्यातून एकदा मालधक्क्यावर दिल्लीच्या वॅगनी लागत. कोणाची बाग कधी कापायची, कोणाचा माल कुठल्या वॅगनीत, हे आदल्या दिवशी कचेरीच्या दारावर लागायचं आणि गावोगाव ट्रकवाल्यांबरोबर कळवलं जायचं. केळी दिल्लीला हिरवी जावी लागते. घड भरला की फार तर पंधरा-वीस दिवस तो दम धरतो, मग झाडावरच पिवळा पडू लागतो. आणि पिकलेला एक घड वॅगनीत गेला की शेजारचे सगळे पिकवतो, म्हणून तसा माल मालधक्क्यावर कोणी उतरूनही घेत नाही. नंबर चुकला की वर्षाची बाग गावात वाटायची नाहीतर गुरांपुढे टाकायची.

आजवर हे नंबर हिलाल नाना हाताने लावत आले होते. नाना आमचे जुने कारकून, निवृत्तीला टेकलेले. गावोगाव जाऊन पारावर बसायचे, ज्याची बाग भरत आली असेल तो येऊन सांगायचा, नाना चिठ्ठीवर नोंद करायचे. त्या चिठ्ठ्या आता माझ्याकडे येऊ लागल्या. मी त्या मशीनमध्ये भरायच्या आणि मशीनने तारखेप्रमाणे नंबर लावायचे. पण एकदम मशीनवर भरवसा नको म्हणून काही आठवडे दोन्ही रीतींनी काम करायचं ठरलं. नाना हाताने यादी करतील, मी मशीनने करीन, मग दोघांनी समोरासमोर बसून रुजवात घालायची. नाना वाचणार, मी खूण करणार. दोन्ही याद्या पुरत्या जुळल्या की हाताचं काम बंद. याला इंग्रजीत पॅरलल रन म्हणतात. मी फळ्यावर 'जोडचाचणी' लिहिलं होतं.

रीत चांगली होती. घोळ आबांनी केला. मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर म्हणाले, "मेळ बसला पाहिजे. नाही बसला तर चूक माणसाची धरली जाईल. मशीन चुकत नाही." मी म्हटलं, "आबा, चुकतं की नाही तेच तर बघायचंय." पण ज्यांनी प्रोग्रॅम लिहून दिला ते पुण्याचे साहेब शेजारी बसले होते, ते असे गोड हसले की माझं वाक्य तिथेच जिरलं. नानांनी मान खाली घातली. त्यांच्या कपाळावर घाम होता आणि त्या खोलीत पंखा चालू होता.

आणि मेळ बसला. असा बसला की काय सांगू! पहिल्या आठवड्यात नावाला नाव, नंबराला नंबर. दुसऱ्या आठवड्यातही तेच. आबा खूश. तिसऱ्या आठवड्यानंतर हाताची यादी बंद करायची आणि मला कायम करायचा विषय संचालक मंडळापुढे न्यायचा, असं त्यांनी बोलूनही दाखवलं. मला आनंद व्हायला हवा होता. पण झाला नाही. इतका मेळ माझा नवऱ्याशी कधी बसला नाही. नानांची यादी म्हणजे नेहमी खाडाखोड, वर बाण, खाली बाण, समासात 'यांना आधी घ्या'. आणि आता दोन आठवडे एक रेघ खोडलेली नाही. मी घरी भाकरी थापताना त्या स्वच्छ कागदाचा विचार करत होते आणि भाकरी करपली तरी कळलं नाही. सासूबाईंनी नाक चढवलं तेव्हा कळलं.

तिसऱ्या आठवड्यातला तो दिवस. दुसऱ्या दिवशी वॅगनी लागणार होत्या, कार्यक्रम छापून, आबांची सही होऊन दारावर लागला होता. भादव्याचं ऊन असं पडलं होतं की दाराची कडी हाताला चटका देत होती. दुपारी आमचा ट्रकवाला झुलाल चोपड्याकडच्या खेपेहून आला. तो खिडकीशी उभा राहिला, कारण चपला काढून आत यायचा त्याला कंटाळा.

"ताई, ती शिंदखेडावाली भागाबाई शे ना," तो म्हणाला, "तिना नंबर आज बी नही का?"

"कोण भागाबाई?"

"नदीजोडे बाग शे तिनी. रोज बांधवर उभी ऱ्हास. ट्रक दिसना की हात करस. मी काय सांगू तिले? पंधरा दिन व्हयनात. बाग पिवळी पडी ऱ्हायनी."

मी दारावरची यादी बघितली. नव्हती. मागच्या दोन याद्या काढल्या. त्यांतही भागाबाई नव्हती. म्हटलं, चिठ्ठीच आली नसेल. चिठ्ठ्यांचा गठ्ठा सोडला तर तिची चिठ्ठी होती, नानांच्याच अक्षरात, आणि तिच्यावरची तारीख मी दोनदा वाचली. तिचा नंबर पहिल्याच आठवड्यात लागायला हवा होता.

आता मला एकच आधार होता. मशीनकडून सुटली असेल, तर नानांच्या हातयादीत ती असणार. मग मेळ कसा बसला? हा प्रश्न मला तेव्हाच पडायला हवा होता, पण भीती वाटली की माणूस आधी आधार शोधतो. मी नानांच्या टेबलापाशी गेले आणि त्यांची यादी उचलली. तिच्यातही भागाबाई नव्हती.

"नाना, ही यादी तुम्ही चिठ्ठ्यांवरून केलीत?"

नाना चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसायला लागले. तो स्वच्छच होता.

"नाना, मी विचारतेय."

"ताई," ते म्हणाले, "मेळ बसवा म्हणे ना आबा. मी बसवला."

"म्हणजे?"

"तुमची यादी आधी छापून येते. ती समोर ठेवतो आणि उतरवतो. माझी वेगळी निघाली तर चूक माझी धरतील. निवृत्तीला आठ महिने राहिलेत, ताई. चुकीचा शिक्का घेऊन घरी जाऊ का?"

मला इतका राग आला की कानशिलं तापली. दोन आठवडे आम्ही समोरासमोर बसून, एकाने वाचून, एकाने खूण करून जी रुजवात घातली होती, ती माझ्याच यादीची माझ्याच यादीशी. आरशात बघून ओळख पटवण्यासारखं. राग नानांचा होता, आबांचा होता, आणि सगळ्यात जास्त त्या गोड हसणाऱ्या साहेबांचा होता. पण राग करायला वेळ नव्हता. उद्याची वॅगन गेली की पुढची आठ दिवसांनी, आणि तोवर भागाबाईच्या बागेत अजून हिरवे आहेत त्या घडांतलं उरणार काय?

मी थंड खोलीत जाऊन नाकारलेल्या नोंदींची फाइल उघडली. ती उघडून बघायची असते हेही मला कोणी सांगितलं नव्हतं. प्रोग्रॅम जे घेत नाही ते मुकाट्याने तिथे टाकून देतो आणि पुढे जातो, ना घंटा ना निरोप. फाइलमध्ये सात नोंदी होत्या. सातही बायकांच्या. भागाबाई सगळ्यात वर.

कारणही शेजारीच लिहिलेलं होतं. मधल्या नावाचा रकाना रिकामा. वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव. सक्तीचा रकाना.

"नाना!" मी तिथूनच ओरडले. "बायकांच्या चिठ्ठीवर नवऱ्याचं नाव का नाही?"

नाना दारात आले, चपला काढायच्या की नाही या विचारात तिथेच थांबले. "बाईमाणसाला नवऱ्याचं नाव कसं विचारू, ताई? त्या घेत नाहीत. शेजारी कोणी असलं तर तो सांगतो, नसलं तर मी जागा सोडतो. तीस वर्षं सोडतोय. कोणाची बाग कुठली ते मला ठाऊक असतं, नावाचं काय अडलंय?"

त्यांचं खरं होतं. मी स्वतः बँकेत नवऱ्याचं नाव बिनदिक्कत लिहिते, पण घरात 'अहो'च्या पुढे जात नाही. आणि या तर आमच्या आज्यांच्या वयाच्या बायका. नवरा असो वा नसो, नाव ओठावर आणायचं नाही, आणलं तर त्याचं आयुष्य कमी होतं, तो गेला असेल तर त्याला वर शांती मिळत नाही. नानांनी तीस वर्षं ती जागा मान ठेवून मोकळी सोडली. मशीनला त्या मोकळ्या जागेत फक्त चूक दिसली.

पण हे सगळं मला नंतर सुचलं. त्या क्षणी मी दारातून दिसणाऱ्या फळ्याकडे बोट करून ओरडले, "नाना, तिथे काय लिहिलंय? सक्तीचा रकाना! नाव नसेल तर मशीन बाईला आत घेत नाही! नाव लागतंच!" झुलाल खिडकीतून बघत होता. नाना एवढेसे झाले. मी तशीच पर्स उचलली आणि पुण्याला फोन लावायला बाहेर पडले, कारण कचेरीच्या फोनवरून बाहेरगावी लागत नसे.

एसटीडीच्या बूथवर रांग होती. पुढे एक म्हातारा मुंबईच्या मुलाशी बोलत होता, मीटरवरचे आकडे पळत होते आणि तो सगळ्या नातेवाइकांची खुशाली एकेक करून सांगत होता. माझा पदर घामाने पाठीला चिकटला होता. डोळ्यांपुढे सारखी बांधावर उभी राहून ट्रकला हात करणारी बाई येत होती. मी तिला कधी पाहिलंही नव्हतं.

शेवटी फोन लागला. मी धापा टाकत सगळं सांगितलं. साहेब शांतपणे म्हणाले, "अहो मॅडम, त्यात एवढं काय! डॉट टाका ना."

"काय टाका?"

"डॉट. टिंब. पूर्णविराम. काहीही टाका. तो फक्त जागा रिकामी आहे की नाही एवढंच बघतो. आत काय आहे त्याच्याशी त्याला काही देणंघेणं नाही."

"मग रकाना सक्तीचा ठेवलात कशाला?"

"तो आधीच्या एका गिऱ्हाइकाच्या प्रोग्रॅममध्ये होता. कामगारांच्या पगाराचा प्रोग्रॅम होता तो. तुमच्याकडे तसाच आला."

मी फोन ठेवला. काय बोलले ते आठवत नाही, पण बूथवाला माझ्याकडे टक लावून बघत होता, त्यावरून चांगलं काही बोलले नसणार.

परतले तर नाना जागेवर नव्हते आणि झुलालचा ट्रकही नव्हता. मालधक्क्यावर गेले असतील असं धरून चालले. आधी आबांकडे गेले. सही झालेला कार्यक्रम बदलायचा तर त्यांची परवानगी हवी, आणि हेही सांगायला हवं की जोडचाचणी वगैरे सगळा देखावा होता. मी नानांचं नाव न घेता सांगितलं. घेतलं असतं तरी आबांना कळायचं ते कळलंच.

"म्हणजे मशीन चुकलं?"

"मशीनला सांगितलं ते त्याने केलं, आबा. सांगणारे चुकले. आणि तपासणारे आम्ही घाबरलो."

"कशाला घाबरलात?"

आबा काही मूर्ख नव्हते. उत्तर त्यांचं त्यांनाच कळलं; त्यांनी टेबलावरचा पेपरवेट उचलून पुन्हा ठेवला.

"सात नावं वर आली तर कोण खाली जाणार?"

"जे शेवटी आहेत ते. त्यात तुमचीही बाग आहे."

"माझी दम धरेल," ते म्हणाले. "अजून घड भरतोय. मीच घाई केली होती. बदला. आणि हाताची यादी बंद करायचं इतक्यात राहू द्या."

मी थंड खोलीत धावले. एकेक नोंद उघडली आणि सातही ठिकाणी मधल्या रकान्यात टिंब टाकलं. प्रत्येक टिंबानंतर पडद्यावर हिरव्या अक्षरांत यायचं, 'रेकॉर्ड अ‍ॅक्सेप्टेड'. नोंद स्वीकारली. सातदा आलं. मग प्रोग्रॅम चालवला. प्रिंटर करकरत नवी यादी बाहेर ढकलू लागला आणि मी कागद फाटायची वाटही न बघता वाकून वाचू लागले. पहिल्या वॅगनीत, वरून दुसरं नाव, भागाबाई. मी खुर्चीत बसले. हायसं वाटलं, पण रडूही येत होतं. वाटलं, झालं. सुटलो. आता झुलाल आला की निरोप पाठवायचा, पहाटे कापणी.

ऊन उतरता उतरता ट्रकचा आवाज आला. मी यादी हातात घेऊन बाहेर आले. झुलालच्या शेजारी केबिनमध्ये नाना होते, आणि नानांच्या पलीकडे दाराला घट्ट धरून एक म्हातारी बाई बसली होती. विटकं लुगडं, पायात धुळीने माखलेल्या वहाणा. झुलालने हात दिला तरी ती स्वतःच उतरली.

"नाना, कुठे गेला होतात?"

"तुम्ही सांगितलं ना, नाव लागतंच," नाना म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर लाज होती आणि थोडी आशा. "चुकी माझी, मीच भरून काढतो म्हटलं. तुमच्या खिडकीतून पडद्यावरची नावं वाचून घेतली. सहा जणींच्या नवऱ्यांची नावं त्यांच्या गावांत विचारून आणली. भागाबाईंचं कोणालाच माहीत नाही. त्यांना शिंदखेड्याकडे दिलं होतं. तरणेपणी कपाळ पांढरं झालं तेव्हा भावाकडे आल्या. भाऊही गेला आता. मी म्हटलं, मशीनची सक्ती आहे, अक्का, नाव नाही तर नंबर नाही. तर त्या मला सांगेनात. चार माणसांत सांगणार नाही म्हणाल्या."

"मी मशीनलेच सांगसू," भागाबाई म्हणाली.

यादी माझ्या हातात होती. तिचं नाव तिच्यात छापलेलं होतं. मी म्हटलं, "अक्का, ऐका, नंबर—"

"नंबरनं मंग, माय. पहिले मशीन कोठे शे ते दखाड."

ती थंड खोलीच्या दाराशी गेली. वहाणा काढल्या, नीट शेजारी शेजारी ठेवल्या. आत आल्यावर त्या गार हवेने तिच्या अंगावर काटा आला. तिने पदर डोक्यावरून पुढे ओढला आणि मागे बघितलं. नाना आणि झुलाल दारात उभे होते.

"बाप्यासले बाहेर काढ," ती मला म्हणाली.

दोघं निमूट बाहेर गेले. मी दार लावलं. ती पडद्यासमोर उभी राहिली. खुर्ची दिली तरी बसली नाही.

"हाई बाई शे का बाप्या?"

"दोन्ही नाही, अक्का. यंत्र आहे."

"मंग बरं शे." तिने जरा श्वास घेतला. "मी हाई नाव कधी तोंडमा लेयेल नही. ते व्हतात तव्हय बी नही, गयात तव्हय बी नही. मना भाऊ म्हने, सपनमा बी नको ली. पन बाग पिवळी पडी ऱ्हायनी, माय. मी एकली बाई. काय करू?"

"अक्का, तुम्ही नाव नाही सांगितलं तरी—"

"गप ऱ्हाय," ती कळवळून म्हणाली. "सारा रस्ताभर मन करी ठेयेल शे मी. आते बोलनू नही तं मंग व्हवाव नही."

तिने डोळे मिटले. ओठ हलले, आवाज आला नाही. पुन्हा ओठ हलले. मग ती पडद्याच्या अगदी जवळ वाकली, जसं बहिऱ्या माणसाच्या कानाशी वाकतात, आणि म्हणाली, "रुपचंद."

लगेच तिने दोन्ही हातांनी गालांवर मारून घेतलं, एकदा, दोनदा, आणि पदर तोंडात कोंबला. तिचे खांदे हलत होते. मी तिचा हात धरला. त्या हाताला केळीच्या चिकाचे काळे डाग होते, जे कितीही धुतले तरी जात नाहीत. ज्या माणसाचं नाव इतकी वर्षं जगात कोणी घेतलं नव्हतं, ते तिने माझ्यासमोर एका पगाराच्या प्रोग्रॅमसाठी उच्चारलं होतं. मला वाटलं तो कॉम्प्युटर उचलून खिडकीबाहेर फेकावा.

"आयकं का त्यानी?" तिने पदराआडून विचारलं.

"ऐकलं."

"मंग लिख. मना समोर लिख."

मी तिची नोंद उघडली. मधल्या रकान्यात माझं टिंब होतं. ते पुसलं आणि एकेक अक्षर दाबत रुपचंद लिहिलं. ती पडद्याकडे बघत होती. "हाईच का त्यासनं नाव?" तिने विचारलं. मी बोट ठेवून दाखवलं, इथून इथपर्यंत. तिने हात पुढे केला, पण लावला नाही.

"आते लागी ना नंबर? त्यासना नावामुळे?"

"हो, अक्का," मी म्हटलं. "त्यांच्या नावामुळेच. उद्या पहाटे ट्रक येईल. पहिल्याच वॅगनीत आहात तुम्ही."

तिने पडद्याला हात जोडले. पडद्यावर हिरव्या अक्षरांत आलं, नोंद स्वीकारली. टिंबालाही त्याने हेच म्हटलं होतं.